ट्रेसर-मीमांसा

“पोत्याला किती घेतेत?”

हा प्रश्न मला माजलगावच्या एसटी स्टँडवर विचारला गेला. मी सातवीत होतो. शेजारी टेकलेल्या फेटेवाल्या बाबांनी रीतीप्रमाणं आधी गाव विचारलं, मग आडनाव, मग “वडील काय करतेत?” मी छाती पुढं काढून सांगितलं, “ट्रेसर आहेत.” बाबांच्या चेहऱ्यावर आदर उमटला आणि पाठोपाठ वरचा प्रश्न आला. मी गोंधळून म्हणालो, “पोत्यावर नाहीत, महिन्यावर आहेत.” बाबा हळहळले. “महिन्यावर? आन सुगी तर दीडच महिना असती की रं.”

उलगडा घरी झाला. मळणीयंत्राला आमच्याकडं दोन नावं. ट्रॅक्टरला जोडलेलं, भुसा आभाळात उडवणारं ते धूड म्हणजे हडंबा. शिकल्यासवरल्या घरात त्यालाच थ्रेशर म्हणायचं. हे थ्रेशर लोकांच्या जिभेवर मळून मळून ट्रेसर होतं. बाबांच्या दृष्टीनं माझे वडील हंगामात शेतोशेत फिरून ज्वारी काढून देत होते आणि सरकारनं त्यांना उगाच महिन्यावर अडकवून ठेवलं होतं.

तेव्हापासून प्रस्तुत लेखक या शब्दाच्या मागावर आहे. एवढ्या महत्त्वाच्या विषयावर मराठीत एकही ग्रंथ त्याच्या पाहण्यात नाही. म्हणून हा उद्योग.

सुरुवात सरकारी कागदापासून करणं सोयीचं, कारण तो निदान हरवत तरी नाही. सापडत नाही, एवढंच. १९६० साली महाराष्ट्र राज्य आलं, त्याच वर्षी भाषा संचालनालय आलं आणि हुद्द्यांची बारशी सुरू झाली. त्यातून जो पदनाम कोश निघाला त्याला आचार्य अत्र्यांनी ‘बदनाम कोश’ म्हणून झोडपलं, ते सर्वांना ठाऊक आहे. सरकारी मराठीत ड्राफ्ट्समन तो आरेखक आणि ट्रेसर तो अनुरेखक. शब्द अचूक आहे, हे शत्रूलाही मान्य व्हावं. आधी रेघ मारतो तो आरेखक. त्याच्या रेघेमागून आपली रेघ नेतो तो अनुरेखक. पण ‘अनु’ या उपसर्गाचा मराठवाड्याला आलेला अनुभव निराळा आहे. सरकारी शब्दाला अनु लागलं की समजायचं, जे काय आहे ते मागून येणार आहे आणि सावकाश येणार आहे: अनुदान, अनुकंपा, अनुशेष. यांतला शेवटचा शब्द मोजायला १९८३ मध्ये वि. म. दांडेकरांची समिती नेमली गेली. समितीनं पुढच्याच वर्षी अहवाल दिला. एवढी चपळाई अनुशेषानं काही दाखवली नाही.

तर अनुरेखक हा शब्द ज्येष्ठता यादीत राहिला. साहेब, शिपाई, चहावाला आणि आमची आई, सगळे ट्रेसरच म्हणत. वडिलांनी स्वतः अनुरेखक हा शब्द माझ्या देखत दोनदा वापरला. एकदा बदलीच्या अर्जात आणि एकदा पेन्शनच्या कागदांत. दोन्ही वेळा मला त्याचं ऱ्हस्व-दीर्घ विचारलं.

आता प्रस्तुत लेखकाचा सिद्धान्त. या कामाला मराठीत सणसणीत क्रियापद आधीपासून होतं: गिरवणं. गुरुजी पाटीवर ‘श्री’ काढून देत आणि पोर त्यावरून पेन्सिल फिरवत बसे. पन्नास वेळा फिरवल्यावर अक्षर जाड होई, पाटी निसरडी होई, आणि ‘श्री’ची वेलांटी पार पाटीच्या चौकटीवर चढे. हे जे पोर करी तेच पगारी माणसानं पेन्सिलीऐवजी शाईच्या पेनानं केलं तर तो ट्रेसर. मग हुद्दा ‘गिरव्या’ का नको? यावर पूर्वपक्ष असा की, ‘कनिष्ठ गिरव्या, पाटबंधारे उपविभाग’ असं दाराबाहेर लिहिल्यानं भारदस्तपणा राहत नाही. त्यावर उत्तर असं की, तलाठी आणि कोतवाल हे शब्द शतकानुशतकं कुणाला हलके वाटले नाहीत. पण हे उत्तर आता लंगडं पडलंय, कारण तलाठ्याचाही मध्यंतरी ग्राम महसूल अधिकारी झाला. गिरव्याला आता कुणी वाली नाही.

दुसरा एक पक्ष खाक्याचा आहे. बीड १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात, तेव्हा उर्दू शब्दाचाही हक्क पोहोचतो. कशिदा काढणारे बटर पेपरवर नक्षी काढतात, रेघेवरून सुईनं बारीक भोकं पाडतात, तो कागद कापडावर ठेवून रॉकेलमध्ये कालवलेली नीळ बोळ्यानं फिरवतात. कागद उचलला की कापडावर ठिपक्यांची नक्षी उमटलेली असते. हा खाका. आईच्या एका साडीवरच्या मोराला वर्षभर रॉकेलचा वास होता. दोन्ही मेहनती सारख्याच, पण खाकेवाल्याला नगावर पैसे मिळतात, म्हणजे एसटी स्टँडवरच्या बाबांना पटला असता तो ट्रेसर हाच.

आता प्रत्यक्ष ट्रेसरकडे वळू. पाटबंधारे खात्याच्या ड्रॉइंग शाखेत वडिलांचं टेबल उतरतं होतं, माणूस उभा राहून काम करील एवढं उंच. खाली अभियंत्यानं किंवा आरेखकानं पेन्सिलीनं काढलेला कागद. त्यावर ट्रेसिंग क्लॉथ ताणून टाचलेलं. हे कापड म्हणजे या शास्त्राचं ब्रह्म. बारीक विणीचं सुती, खळ देऊन देऊन पारदर्शक केलेलं, रंगाला किंचित निळसर. एक बाजू चकाकती, दुसरी मळकट. रेघ मळकट बाजूवर. शाई नीट धरावी म्हणून आधी खडूची पूड चोळायची, झटकायची. मग टी-स्क्वेअर, सेटस्क्वेअर, फ्रेंच कर्व्ह आणि पेन. रेघ चुकली तर रबर चालत नसे. दाढीचं ब्लेड मधोमध मोडून त्याच्या अर्ध्या भागानं शाई अलगद खरडायची आणि खरडलेली जागा अंगठ्याच्या नखानं घोटून गुळगुळीत करायची, नाहीतर दुसरी शाई तिथं फुटते. वडिलांच्या उजव्या अंगठ्याचं नख कायम चमकत असे. लग्नात हात हातात घेणाऱ्या पाहुण्यांना वाटे, माणूस शौकीन आहे.

ट्रेसिंग क्लॉथचा एकच शत्रू, पाणी. थेंब पडला की खळ विरघळते आणि तिथं पांढरा डाग उठतो. बीडच्या मे महिन्यात माणसाच्या अंगातून काय गळतं ते सांगायला नको. पंखा लावावा तर खालचे कागद उडतात. म्हणून ट्रेसर मंडळी मनगटापासून कोपरापर्यंत पंचा गुंडाळून काम करत. धरणाचे नकाशे काढणाऱ्यांनी पाण्याच्या एका थेंबाला एवढं भ्यावं, हा या शास्त्रातला पहिला विरोधाभास.

दुसरा विरोधाभास झबल्याचा. नकाशा रद्द झाला की कापड बाद. ते घरी आणून गरम पाण्यात भिजवलं, खळ चोळून काढली की आत जी मलमल निघे तिला बाजारात तोड नव्हती. ड्रॉइंग शाखेतल्या घरांतले रुमाल आणि बारशाची झबली याच कापडाची. शाई बहुतेक खळीबरोबर जाई, पण एखादी हट्टी रेघ राहून जाई. माझ्या धाकट्या भावाच्या झबल्यावर काखेपासून कमरेपर्यंत एक फिकट वितरिका होती. आत्या म्हणत, पोरगं रोज भिजवतंय म्हणजे कालवा चालू झाला.

कापडावर शास्त्र लिहिण्याची ही परंपरा आमच्या जिल्ह्यात फार जुनी आहे, आणि इथं प्रस्तुत लेखक आपला मुख्य शोध मांडतो. अंबाजोगाईचे दासोपंत (१५५१ ते १६१५) यांनी पंचीकरणाचा सगळा पसारा आकृत्यांसह एका कापडावर लिहून काढला. ती पासोडी. लांबी सुमारे ४० फूट, रुंदी सुमारे ४ फूट. पंचमहाभूतांची वाटणी, त्यांचे भाग, त्या भागांचे भाग, आणि कोण कुणातून निघतं त्याच्या आकृत्या. आता पैठणचा उजवा कालवा घ्या. जायकवाडीतून निघून १३२ किलोमीटरवर तो आमच्या जिल्ह्यात माजलगावच्या धरणात येऊन पडतो. तो २५०० मीटरला १ मीटर अशा प्रमाणात एका सलग पट्टीवर गिरवायचा म्हटलं तर पट्टी ५२.८ मीटर होईल, म्हणजे दासोपंतांच्या सव्वाचार पासोड्या. दासोपंतांनी पाचही महाभूतं एका पासोडीत बसवली. खात्याला त्यातल्या एकट्या जलतत्त्वासाठी सव्वाचार लागतात. बीड जिल्ह्यातल्या ड्रॉइंग शाखेचे मूळ पुरुष दासोपंतच, याबद्दल माझ्या मनात संदेह उरलेला नाही. फरक एवढाच की आरेखकही पंतच, अनुरेखकही पंतच. मंजुरीला कुठं पाठवायचं नव्हतं.

ट्रेसरनं डोकं चालवायचं नाही, हा या धंद्याचा पहिला नियम. खाली जे आहे तेच वर यावं. या नियमापायी घडलेली एक विहीर मला ठाऊक आहे. कचेरीचं नाव सांगत नाही. एका पेन्सिलच्या कागदावर कुणीतरी चहाचा ग्लास ठेवला होता. ग्लासाचं तपकिरी वर्तुळ उमटलं. नव्यानं लागलेल्या ट्रेसरनं ते मोठ्या निष्ठेनं, कंपास लावून, शाईनं उतरवलं. प्रिंट निघाल्यावर दुसऱ्या कुणाला ते वर्तुळ अर्धवट वाटलं, त्यानं बाजूला ‘वि.’ लिहिलं. पुढच्या नकाशात त्या विहिरीला काठ आला. त्याच्या पुढच्या नकाशात पायवाट. शेवटी एक कनिष्ठ अभियंता भर उन्हात त्या माळावर विहीर शोधत फिरला आणि तहानेनं व्याकूळ होऊन परत आला. वडील म्हणत, दोष ट्रेसरचा नाही, त्यानं चहा घेतलाच नव्हता.

कापडावरून प्रती काढायची तऱ्हाही ऐकण्यासारखी. जॉन हर्शेल या खगोलशास्त्रज्ञानं १८४२ मध्ये लोहाच्या क्षारांनी कागदावर निळी छाप काढायची युक्ती शोधली. क्षार लावलेल्या कागदावर ट्रेसिंग ठेवायचं, काचेच्या चौकटीत दाबून उन्हात धरायचं, मग कागद पाण्यात धुवायचा. ऊन लागलेला भाग निळा राहतो, रेघेखालचा पांढरा. म्हणजे ब्ल्यू प्रिंटला दोनच गोष्टी लागतात, ऊन आणि पाणी. पहिल्या गोष्टीत बीड जिल्हा सदैव स्वयंपूर्ण होता. पुढं अमोनियाचं यंत्र आलं, पाण्याची कटकट गेली, डोळ्यांना धारा लागायला लागल्या. कागद पांढरा आणि रेघ निळी झाली. नाव मात्र ब्ल्यू प्रिंटच राहिलं, आणि पुढाऱ्यांच्या भाषणात ते अजून चालतं, कारण तिथं रंग दाखवावा लागत नाही.

गिरवण्याचा जागतिक दर्जाचा नमुना मात्र आमच्या रेल्वेचा. अहिल्यानगर–बीड–परळी, लांबी २६१ किलोमीटर, मंजुरी १९९५ ची. नकाशावर ती रेघ इतक्या निवडणुकांत इतक्या लोकांनी इतक्या वेळा गिरवली की कागद फाटायचा तेवढा राहिला. अखेर १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्राम दिनाच्या मुहूर्तावर, अहिल्यानगर ते बीड गाडी धावली. मी स्टेशनवर गेलो होतो. बायका रुळांना हळदकुंकू लावत होत्या. शाईची रेघ लोखंडाची झालेली पाहायला वडिलांच्या पिढीतले बरेच ट्रेसर हजर नव्हते.

इथवर गिरवणाऱ्या ट्रेसरचं झालं. दुसरी मोठी जात माग काढणाऱ्यांची. पहिल्याला रेघ दिसते, दुसऱ्याला ती असावी असं वाटतं. मराठीत या दुसऱ्या ट्रेसरसाठी शब्दांचं पीकच आहे: माग, मागमूस, मागोवा, सुगावा, छडा, थांगपत्ता. गंमत अशी की यांतले निम्मे शब्द फक्त नकारात भेटतात. मागमूस कधी लागत नाही, तो उरत नाही. थांगपत्ता असतो असं कुणी म्हणाल्याचं ऐकिवात नाही. आणि माग म्हणजे विणकराचा मागही. तो कसा नेमका एकाच शब्दात आला, यावर एक तरणा विद्वान मला रात्रभर समजावत होता. ती व्युत्पत्ती इथं देत नाही, कारण पहाटे ती त्यालाही आठवेना.

पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टननं १८१९ मध्ये जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या जागल्याची रीत नोंदली आहे. चोरी झाली की त्यानं पावलांचा माग काढत शिवेपर्यंत जायचं. माग शेजारच्या गावात शिरला की तिथल्या जागल्याच्या हवाली करायचा. तो पुढं नेणार, पुढच्या शिवेवर पुढच्याला देणार. ज्या गावात माग संपला त्यानं चोरीचा माल भरून द्यायचा. बीड तेव्हा निजामाकडं, तेव्हा हे वर्णन शेजारच्या मुलखाचं. पण चोराची पावलं सरहद्द पाहून उमटत नसावीत. आता पोलीस “लोकेशन ट्रेस झालं” म्हणतात. फोनचा टॉवर कोणता ते कळतं, आणि मग तो टॉवर कोणत्या ठाण्याच्या हद्दीत यावर खल सुरू होतो. शिवेवर थांबायची रीत टिकली, भरून द्यायची तेवढी गेली.

आमच्याकडचा सगळ्यात कष्टाळू माग-ट्रेसर म्हणजे ऊसतोडीचा मुकादम. त्यानं कारखान्याकडून उचल घेतलेली असते आणि ती पुढं कोयत्यांना वाटलेली असते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दसरा उलटल्यावर जोडी गाडीत बसली नाही की मुकादम मोटारसायकलला किक मारून निघतो. सासुरवाडी, बहिणीचं गाव, यात्रा, दवाखाना, पार कर्नाटकातला फड. जोडीही त्या काळात तेवढ्याच हुशारीनं माग पुसत असते. यात कोण कुणाला बुडवतं हे ठरवायला ही मीमांसा पुरी पडत नाही. उचलीचा हिशेब मांडला तर बहुतेक वेळा खालच्या टोकाला तोच कोयता निघतो, एवढं दिसतं.

२०२३ च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि जिल्हाभर जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. तोवर मोडी वाचणाऱ्याकडं पोरगी द्यायला कुणी तयार नव्हतं. त्या हिवाळ्यात मोडीवाचकाला घरून गाडीनं नेत आणि जेवायला घालून सोडत. पणज्याचा माग दप्तरात उलटा काढत जायचं हे काम; इथं ट्रेसर पुढं चालतच नाही.

पाण्याचा माग काढणारा पाणाड्या. लिंबाची दुबेळकी फांदी किंवा तळहातावरचा नारळ घेऊन तो वावरातून चालतो. नारळ उभा राहिला की तिथं बोअर. शास्त्रज्ञही हेच करतात, पण आडव्या वाटेनं. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेनं ट्रायटियम मिसळलेलं पाणी पावसाळ्याआधी जमिनीत सोडलं आणि पावसाळ्यानंतर ते किती खोल उतरलं ते पाहिलं. यालाही ट्रेसरच म्हणतात. ट्रायटियम साधारण १२ वर्षांत निम्मा होतो. पाणाड्याचा नारळ त्याच संध्याकाळी फुटतो आणि खोबरं वाटलं जातं, हा त्या पद्धतीचा उघड फायदा.

या किरणोत्सारी ट्रेसरचे जनक हेवेशी. त्यांना १९४३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, पण माझ्या मते ते मिळायला हवं होतं खानावळीच्या प्रकरणाला. तरुणपणी मँचेस्टरला असताना त्यांना संशय होता की घरमालकीण ताटात उरलेलं दुसऱ्या दिवशी नवं म्हणून वाढते. ती कानावर हात ठेवी. यांनी एका रविवारी उरलेल्या जेवणात किंचित किरणोत्सारी द्रव्य टाकलं आणि पुढं वाढलेल्या पदार्थाला उपकरण लावलं. उपकरण बोललं. बीडला मी तीन वर्षं ज्या खानावळीत जेवलो तिचं नाव सांगत नाही. तिथं सोमवारची आमटी बुधवारी कशी ओळखायची याला आम्हाला उपकरण लागलं नाही. एका मित्रानं सोमवारी वाटीत लाल दोऱ्याचा तुकडा सोडला होता. तो गुरुवारी मला मिळाला.

राहता राहिली ट्रेसर गोळी. तिच्या बुडाशी जळणारं मिश्रण भरलेलं असतं. स्ट्रॉन्शियमचे क्षार असले तर लाल रेघ, बेरियमचे असले तर हिरवी. गावातले एक माजी सैनिक सांगत, पट्ट्यात चार साध्या आणि पाचवी ट्रेसर. म्हटलं, बरंय की, आपली गोळी कुठं जाते ते दिसतं. ते म्हणाले, “आन कुठून आली ते त्यालाबी दिसतंय.” नंतर ते बराच वेळ तंबाखू मळत राहिले.

या सगळ्या ट्रेसरांत एक साम्य आहे. आपल्या मनानं यातला एकही कुठं जात नाही. आधी कुणीतरी गेलेलं असावं लागतं: अभियंता, चोर, पणजा, पावसाचं पाणी. वडिलांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “म्हणूनच आम्हाला टीए-डीए नव्हता.”

ड्रॉइंग शाखेत पुढं संगणक आला. पेन्सिलचा कागद गेला, कापड गेलं, ब्लेडही गेलं. नवी मुलं थेट पडद्यावर रेघ मारतात आणि यंत्रातून ती छापून येते. मागून गिरवायला कुणी लागत नाही. वडिलांनी निवृत्त होताना आपलं टेबल निर्लेखनाच्या लिलावात स्वतः बोली लावून घेतलं.

गेल्या वर्षी अंबाजोगाईला एका लग्नाच्या पंगतीत शेजारी एक पाहुणे होते. गाव झालं, आडनाव झालं.

“वडील काय करायचे?”

“ट्रेसर होते.”

“होते म्हंजी? आता बंद?”

“बंद.”

“व्हय,” ते बुंदीचा घास घेत म्हणाले, “हार्वेस्टर आल्यापसून समद्यांचंच बसलं. इकून टाकलं का?”

“नाही. माळ्यावर आहे.”

“इकू बी नका. भंगारात किलोवर घेतेत.”